गाडी सुटू द्या, मुलापाशी थांबा

एका गृहस्थांनी विचारलं आहे: "मागच्या आठवड्यात संध्याकाळी दादरला फलाटावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा एकटाच बसलेला दिसला. पायांत चप्पल नव्हती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मी दोनदा त्याच्याकडे पाहिलं, तेवढ्यात डोंबिवली लोकल आली आणि मी चढलो. तेव्हापासून मन खातंय. हरवलेल्या मुलांचे फोटो मोबाइलवर आले की मी न चुकता पुढे पाठवतो. पण आमच्यासारख्यांनी याहून काही करावं, की ती पोलिसांच्या कामात लुडबुड होते?"

मुंबईतली स्टेशनं आणि वस्त्या इथे एकट्या सापडणाऱ्या मुलांसाठी मी बावीस वर्षं काम केलं. त्या अनुभवावरून लिहिते. तुम्हाला दिसलेल्या मुलाबद्दल शेवटी लिहिते, कारण त्याच्यासाठी अजूनही काही करता येईल.

आधी तुमची अडचण नीट मांडू. मूल शोधायचं कसं, हा तुमच्यापुढचा प्रश्न नव्हताच. मूल समोर बसलं होतं. खात्री नव्हती, एवढंच. आईबाप तिकिटाच्या रांगेत असले तर? आपण विचारायला गेलो आणि लोकांनी आपल्यालाच मुलं पळवणारा ठरवलं तर? पोलिसांत नाव गेलं तर? या तीन शंका मनात येईपर्यंत गाडी येते. रोज लाखो माणसं त्या फलाटांवरून जातात आणि बहुतेकांचं असंच होतं. म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. पुढच्या वेळी काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे त्या क्षणी विचार करावा लागणार नाही.

एकट्या मुलाच्या बाबतीत पहिले काही तास का मोलाचे, ते सांगते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, कुर्ल्याचं टिळक टर्मिनस, वांद्रे टर्मिनस, दादर इथे लांब पल्ल्याच्या गाड्यांतून मुलं उतरतात. कुणी घरी मार खाऊन निघालेलं, कुणी नापास झालेलं, कुणी नट बघायला आलेलं, कुणाला गावातल्याच माणसाने कामाचं सांगून आणलेलं आणि मध्येच सोडलेलं. पहिल्या संध्याकाळी असं मूल भुकेलं असतं, घाबरलेलं असतं, आणि कुणी नीट विचारलं तर बोलतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याच्याशी कुणीतरी बोललेलं असतं. फलाटावर राहणारी मोठी पोरं त्याला आपल्यात घेतात, नशेसाठी पंक्चरचं सोल्यूशन ओढायला शिकवतात. किंवा कुणीतरी जेवू घालून कामाला लावतं. मग तेच मूल आपल्याला नाव खोटं सांगतं, गाव खोटं सांगतं, आणि घर शोधायला महिने जातात. पहिल्या दिवशी हेच काम एका फोनवर झालं असतं.

तर पहिली गोष्ट, एक गाडी सोडा. दहा मिनिटं लांबून बघा. आईबापांसोबत आलेलं मूल पुन्हा पुन्हा एकाच दिशेला बघतं, कारण आई तिकडे गेलेली असते. चुकलेलं मूल येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघतं. घर सोडून आलेलं मूल कुणाकडेच बघत नाही, आणि खाकी कपडे दिसले की सरकून बसतं. हे काही शास्त्र नाही, पण माझा अंदाज यावरून फार वेळा चुकला नाही.

मग जवळ जा, पण समोर उभे राहून वाकू नका. शेजारी बसा, मध्ये हातभर अंतर ठेवा. पहिला प्रश्न "घरातून पळून आलास का?" हा तर कधीच नको. "जेवलास का?" विचारा. "कुणाची वाट बघतोयस?" विचारा. हात धरू नका, ओढू नका. पुरुष असाल तर एखाद्या बाईला हाक मारा, मुलगी असेल तर नक्कीच. स्टॉलवाल्याला मोठ्याने सांगा, "हा एकटा आहे, मी फोन करतोय, लक्ष ठेवा." चारचौघांत उघडपणे केलेल्या गोष्टीवर कुणी संशय घेत नाही. गुपचूप मुलाला घेऊन चालू लागलात तर मात्र घेतील, आणि ते बरोबरच आहे.

फोन १०९८ ला करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली आपल्याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली. रस्त्यावरची मुलं तिला 'दस नौ आठ' म्हणायची. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. मूल जखमी असेल, कुणी त्याला ओढून नेत असेल, तर थेट ११२. रेल्वेच्या हद्दीत असाल तर १३९, किंवा समोर दिसेल तो रेल्वे सुरक्षा दलाचा किंवा लोहमार्ग पोलिसांचा जवान. यांपैकी कोण लवकर येईल हे स्टेशनवर आणि वेळेवर अवलंबून असतं. रात्री अकरानंतर मी स्वतः आधी गणवेशातल्या माणसाला गाठायचे आणि मग १०९८ लावायचे. कधी पंधरा मिनिटांत माणूस येतो, कधी तास जातो. तो तास थांबायची तयारी ठेवा. अगदीच अशक्य असेल तर मुलाला गणवेशातल्या माणसाकडे सोपवा, त्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या, आणि १०९८ ला ते कळवून मगच गाडी पकडा.

मुलाला घरी मात्र नेऊ नका. चांगल्या मनाची माणसं हीच चूक करतात. एका कुटुंबाने चार वर्षांच्या पोरीला तीन दिवस स्वतःच्या घरी ठेवलं होतं. नवे कपडे घेतले, दूधभात भरवला, काही कमी केलं नाही. पण ते तीन दिवस तिची आई दोन स्टेशनं पलीकडे फलाटाफलाटांवर फिरत होती, आणि पोलिसांच्या कुठल्याही नोंदीत ती पोर सापडत नव्हती. बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की एकटं, चुकलेलं मूल सापडलं तर चोवीस तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन (म्हणजे १०९८), बालकल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे ज्या फोनला तुम्ही लुडबुड समजता, ते कायद्याने तुमचं कर्तव्य आहे. पुढे त्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेतात, आणि घर सापडेपर्यंत ते बालगृहात राहतं.

आता पत्त्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सामान्य माणसाची खरी कमाल मी इथे पाहिली आहे. लहान मुलाला पत्ता माहीत नसतो, पण घर माहीत असतं. "कुठे राहतोस?" या प्रश्नाला "घरी" हेच उत्तर येतं. म्हणून विचारायचं, घरातून बाहेर आलं की काय दिसतं? पाणी कुठून आणता? आई भाजी घ्यायला कुठे जाते? शाळेत जाताना मोठा रस्ता लागतो का? रात्री कसला आवाज येतो?

पाच वर्षांची एक मुलगी कुर्ल्याला सापडली. वडिलांचं नाव "पप्पा", गावाचं नाव "गाव". दोन तास आम्ही काही ना काही विचारत होतो. मग ती म्हणाली, आमच्याकडे विमानाचं पोट दिसतं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शेजारी वडापावची गाडी लावणाऱ्या मावशी कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "अगं, ही जरीमरीची. नाहीतर बैलबाजारची. तिथे विमान डोक्यावरून जातं, चाकं मोजता येतात." त्यांची बहीण तिथेच दिलेली होती. मग त्यांनीच पोरीला विचारलं, तुमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे की मशीद? पोर म्हणाली, बकऱ्या. मावशींनी बहिणीला फोन लावला. बकऱ्या बांधतात ती गल्ली बहिणीला ठाऊक होती. अर्ध्या तासात आई पोलिसांबरोबर आली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. आमच्याकडे प्रशिक्षण होतं, फॉर्म होते, नकाशा होता. मावशींना मुंबई पाठ होती.

मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "बहुतेक कळव्याकडचा असावा" हा तुमचा तर्क पोलिसांना सांगू नका, किंवा तर्क म्हणून वेगळा सांगा. मूल "दोनदा गाडी बदलली" म्हणालं असेल तर तेच शब्द लिहा. शब्दांचा हेल, आईला कशी हाक मारतं, जेवणाला काय म्हणतं, यावरून जिल्ह्यापर्यंत पोचणारी माणसं आमच्याकडे असतात.

आणि मध्येच कुणी आलं, "हा माझा भाचा, चल रे" म्हणालं तर? मुलाच्या अंगाकडे बघा. ओळखीच्या माणसाकडे मूल झेपावतं किंवा रडत बिलगतं. गप्प झालं, आखडलं, तुमच्या मागे सरकलं तर सोपवू नका. खरा मामा असेल तर त्याला मुलाचं पूर्ण नाव, शाळा सांगता येईल, मोबाइलमध्ये एखादा फोटोही असेल. तरीही निर्णय तुम्ही घेऊ नका. "पोलीस येतायत, त्यांच्यासमोर न्या" एवढंच म्हणा. ज्याला घाई असते तो निघून जातो. खऱ्या बापाने असं थांबवल्याबद्दल मला एकदाच शिवी दिली, आणि दहा मिनिटांनी त्यानेच हात धरले.

आता फोटो पुढे पाठवण्याबद्दल. तुमचा हेतू मला कळतो, पण यात दोन मोठे धोके आहेत. एक म्हणजे त्या फोटोंवर तारीख नसते. मूल चार वर्षांपूर्वी घरी आलेलं असतं आणि फोटो फिरतच असतो. पंधराव्या वर्षी रागाच्या भरात दोन दिवस घर सोडलेली एक मुलगी आमच्याकडे यायची. विसाव्या वर्षी नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणीतरी तिला तोच फोटो दाखवून विचारलं, "ही तूच ना?" दुसरा धोका याहून गंभीर. शोधणारा प्रत्येक जण मुलाच्या भल्यासाठी शोधत असतोच असं नाही. घरातल्या अत्याचाराला कंटाळून निघालेली मुलगी, किंवा नवऱ्याच्या मारहाणीतून मुलाला घेऊन बाहेर पडलेली आई, यांचेही फोटो 'कृपया शोधण्यास मदत करा' म्हणून फिरतात, खाली एक खासगी नंबर असतो. त्या नंबरवर तुम्ही ठिकाण सांगितलंत तर कुणाला सांगितलंत हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून फोटोसोबत पोलीस ठाण्याचं नाव आणि तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका. असेल तर त्या ठाण्याला फोन करून मूल अजून सापडायचंय का ते विचारा, आणि मग त्या भागातल्या, खरंच उपयोगी पडतील अशा गटांत पाठवा. सापडल्याचं कळलं की जिथे जिथे पाठवलात तिथून काढा. मूल दिसलं तर माहिती पोलिसांना किंवा १०९८ लाच द्या. आणि सापडलेल्या मुलाचा फोटो स्वतः काढून टाकू नका. बालकल्याण समितीपुढे जाणाऱ्या मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हा संदेश तर कुणीही, कधीही पुढे पाठवू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं अशाच अफवेवरून जमावाने ठेचून मारली. भिक्षेवर जगणारी भटकी माणसं होती ती. त्या काळात देशभर फिरत असलेला मोटारसायकलवरून मूल उचलल्याचा व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्ममधला तुकडा होता. मी फिरते काम करणारी बाई, अनोळखी वस्तीत मुलांशी बोलणारी. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही ओळखपत्र गळ्यात दिसेल असं घालून, दोघं-दोघं जात होतो. काळ्या बाईच्या कडेवर गोरं मूल दिसलं म्हणून ते चोरीचं, असं म्हणणारे फोन आजही येतात. शंका आली तर फोन जरूर करा, पण जमाव गोळा करू नका.

तुमच्या शेजारचं मूल हरवलं तर तुमचं काम पार वेगळं असतं. लहान मूल असेल तर आधी जवळ शोधा. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याला दोन लहान भाऊ उद्यानातल्या पाण्याच्या टाकीत सापडले, एप्रिलमध्ये अँटॉप हिलला बहीण-भाऊ बंद पडलेल्या गाडीत. दोन्हीकडे उशीर झाला होता. म्हणून टाक्या, उभ्या गाड्या, गच्ची, लिफ्टची खालची जागा, नाला हे पहिल्या अर्ध्या तासात बघायचं, आणि ते दहा शेजारी वाटून घेऊन करू शकतात. त्याच वेळी एकाने आईबापांसोबत पोलीस ठाण्यात जायचं. चोवीस तास थांबायचा नियम कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेत सांगितलं आहे की अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा, अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून. हद्द आमची नाही म्हणाले तरी झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, घ्यावा लागतो. एका ठाण्यात एका आईला "मैत्रिणीकडे गेली असेल, सकाळपर्यंत बघा" म्हणून परत पाठवलं होतं. सोबत शिकलेला एखादा शेजारी असता तर ती परतली नसती, असं मला अजून वाटतं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो, हेही त्या शेजाऱ्याने लक्षात ठेवावं आणि विचारत राहावं.

दुकानदार आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींना माझी एक खास विनंती आहे. कॅमेऱ्याचं चित्रीकरण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस दिवसांत जुन्यावर नवं चढतं. आणि मशीनचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते कागदावर लिहून द्या. सात मिनिटं पुढे असलेल्या एका घड्याळामुळे आम्ही एका मुलाला चुकीच्या लोकलमध्ये शोधत बसलो होतो.

आणखी एक प्रकार, ज्याकडे आपलं लक्षच जात नाही. हरवलेलं मूल फलाटावरच दिसेल असं नाही. ते वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ सांभाळत असतं. पश्चिम उपनगरातली सात वर्षांची एक मुलगी जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना नाहीशी झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली. नऊ वर्षं. शेवटी ती घरापासून जवळच राहत होती, बाळ सांभाळायचं काम करत होती. तिच्यासोबत काम करणाऱ्या बाईने तिचं बोलणं मनावर घेतलं आणि इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा जुनी 'हरवली आहे'ची जाहिरात सापडली. तिच्यावरच्या नंबरांपैकी एकच चालू होता, शेजाऱ्यांचा. तिचं नाव मी लिहिणार नाही, तुम्हीही शोधू नका. पण तुमच्या इमारतीत कधी शाळेत न जाणारी, कधी खाली खेळायला न उतरणारी, नातेवाईक म्हणून सांगितली जाणारी मुलगी असेल तर १०९८ ला कळवा. जरीच्या, बॅगांच्या कारखान्यात, हॉटेलात दिसणाऱ्या मुलांबद्दलही तेच. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं बेकायदा आहे, आणि नाव न सांगताही तक्रार करता येते. आणि ज्यांचं मूल हरवलंय त्यांना सांगा, जाहिरातीवर दिलेला नंबर कधीही बंद पडू देऊ नका. रिचार्जचे पैसे नसतील तर ते तुम्ही भरा. ही मदत फार मोठी आहे.

आता तुमच्या त्या मुलाकडे येऊ. आठवडा झाला म्हणून सोडून देऊ नका. आज १०९८ ला फोन करा, आणि दादरच्या लोहमार्ग पोलिसांकडेही जाऊन या. तारीख, वेळ, फलाट, कुठल्या जिन्याजवळ, शर्टाचा रंग, पिशवी कसली होती, पायांत चप्पल नव्हती, हे सगळं सांगा. वेळ नक्की आठवत नसेल तर मोबाइलवर तिकीट काढलं होतं का बघा, किंवा त्या सुमारास कुणाला फोन केला होता का ते तपासा. स्टेशनवरचं चित्रीकरण अजून असण्याची शक्यता आहे, आणि तो कुठल्या गाडीतून उतरला किंवा कुणाबरोबर गेला हे त्यात दिसू शकतं. कदाचित तुमच्यानंतर दहा मिनिटांनी कुणीतरी थांबलं असेल आणि तो आज घरीही असेल. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगणार नाहीत, त्याच्याच संरक्षणासाठी. ते मनाला लावून घेऊ नका. फक्त तुमचं नाव आणि नंबर नोंदवून या, म्हणजे काही विचारायचं असेल तर ते तुम्हाला फोन करतील.